बायनरी फाइल, बफर आणि हमीचा प्रश्न : एक आढावा

प्रोग्राम तोच असतो, आत दिलेली माहितीही तीच असते. तरी लिनक्सवर त्याने लिहिलेले चित्र नीट उघडते आणि विंडोजवर लिहिलेले चित्र बिघडलेले निघते. कुठे फाइल असायला हवी त्यापेक्षा थोडी फुगते, कुठे वाचन अर्ध्यावर थांबते, कुठे शेवटच्या काही हजार बाइटांचा पत्ता नसतो. कुठे वीज जाऊन आल्यावर फाइलचे नाव शिल्लक असते आणि आत काहीच नसते. बायनरी फाइल बफरमधून वाचण्या-लिहिण्याच्या या तक्रारी चार दशकांहून जुन्या आहेत आणि आजही नव्याने येत राहतात.

त्या सुट्या सुट्या पाहिल्या तर प्रत्येकीचा उपाय एका ओळीत सांगता येतो. एकत्र पाहिल्या की त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो: लिहिलेला बाइट जसाच्या तसा डिस्कवर पोचेल याची हमी कोणी द्यायची? प्रोग्रामने, भाषेच्या लायब्ररीने, ऑपरेटिंग सिस्टिमने की डिस्कने? बाइट सगळीकडे सारखाच असला, तरी हमी प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. या प्रश्नावर आज कोणत्या भूमिका आहेत, काय ठरले आहे आणि काय ठरायचे आहे, याचा हा आढावा आहे.

बफर का आला

एकेक बाइट लिहिण्यासाठी दर वेळी कर्नलला हाक मारणे महाग पडते आणि दर वेळी डिस्कपर्यंत जाणे त्याहून कितीतरी महाग. म्हणून युनिक्सच्या कर्नलने पहिल्यापासून डिस्कचे ब्लॉक मेमरीत धरून ठेवले. पुढे प्रोग्रामच्या बाजूलाही एक बफर आला. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी लिहिलेल्या आय-ओ लायब्ररीच्या पायावर डेनिस रिची यांनी स्टँडर्ड आय-ओ लायब्ररी उभी केली आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर ती सगळीकडे गेली. १९८९ च्या सी भाषेच्या प्रमाणकाने तिला अधिकृत रूप दिले. कालांतराने डिस्क बनवणाऱ्यांनी डिस्कच्या आतही मेमरी बसवली.

आज लिहिलेला बाइट अशा तीन मुक्कामांवरून जातो: प्रोग्राममधला बफर, कर्नलची पेज कॅश आणि डिस्कची स्वतःची कॅश. पहिल्या मुक्कामाचा आकार भाषेनुसार बदलतो. लिनक्सवरची जीलिबसी लायब्ररी फाइल सिस्टिमला सोयीचा ब्लॉक विचारते आणि तो बहुधा ४०९६ बाइटांचा असतो. गो भाषेच्या बफरिओ पॅकेजचा बफरही ४०९६ चाच आहे, तर जावाच्या बफर्ड आउटपुट स्ट्रीमचा आणि रस्टच्या बफरायटरचा ८१९२ चा. हे आकडे दोष शोधताना फार उपयोगी पडतात.

पहिला वाद : टेक्स्ट की बायनरी

टेलिटाइप यंत्रात ओळ संपवायला दोन हालचाली लागत. छापणारा गाडा डावीकडे नेणे ही एक, तिचा संकेत १३. कागद एक ओळ वर सरकवणे ही दुसरी, तिचा संकेत १०. युनिक्सने फाइलमध्ये फक्त १० ठेवला. सीपी/एम आणि त्यामागून आलेल्या एमएस-डॉसने दोन्ही ठेवले. जुन्या मॅकिंटॉशने फक्त १३ घेतला आणि २००१ मध्ये मॅक ओएस टेन आल्यावर अॅपलही युनिक्सच्या वाटेने गेली. सीपी/एमची आणखी एक खूण मागे राहिली. तिथे फाइलची लांबी १२८ बाइटांच्या तुकड्यांत मोजली जाई. त्यामुळे मजकूर नेमका कुठे संपला हे सांगायला २६ हा बाइट, म्हणजे कंट्रोल-झेड, वापरत. डॉसला फाइलची लांबी बाइटापर्यंत नेमकी कळत होती, तरी हा संकेत लायब्ऱ्यांमध्ये टिकला.

सी भाषेच्या प्रमाणकाने यावर तोडगा काढला: फाइल उघडताना 'बी' हे अक्षर दिले तर बायनरी, नाही तर टेक्स्ट. युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉसिक्स प्रमाणकानुसार या अक्षराने काहीच बदलत नाही. विंडोजवर मात्र ते विसरले, तर लिहिताना प्रत्येक १० च्या आधी १३ घातला जातो, वाचताना ही जोडी पुन्हा एक होते आणि २६ दिसताच फाइल संपली असे समजले जाते. लिनक्सवर वर्षानुवर्षे चाललेला कोड विंडोजवर पहिल्याच दिवशी पडतो, त्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुटही विंडोजवर टेक्स्ट मोडमध्येच सुरू होतात. म्हणून पाइपमधून चित्र पाठवताना त्यांचा मोड मुद्दाम बदलावा लागतो.

पीएनजी चित्राचे पहिले आठ बाइट या इतिहासाची जाण ठेवून निवडलेले आहेत: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिला बाइट १२७ च्या वरचा आहे, त्यामुळे कोणी आठवा बिट कापला तर लगेच कळते. मधल्या तिघांत 'पीएनजी' ही अक्षरे आहेत. १३ आणि १० ची जोडी तुटली, किंवा शेवटच्या एकट्या १० ला १३ चिकटला, तर फाइल टेक्स्ट मोडमधून गेली हे उघड होते. २६ मुळे डॉसवर चित्र चुकून मजकूर म्हणून दाखवायला घेतले, तर ते तिथेच थांबते.

देवनागरी मजकुरालाही याची थेट झळ बसते. युनिकोडमध्ये 'च' चा क्रमांक असा आहे की यूटीएफ-१६ च्या विंडोजवर चालणाऱ्या रूपात त्याचे बाइट २६ आणि ९ असे पडतात. 'ऊ' चे बाइट १० आणि ९ होतात, 'ऍ' चे १३ आणि ९. अशी मराठी फाइल संकेतन न सांगता साध्या टेक्स्ट मोडमध्ये वाचली, तर ती पहिल्या 'च' पाशी संपते. तशीच लिहिली, तर पहिल्या 'ऊ' आधी एक जादा बाइट शिरतो आणि पुढचा सगळा मजकूर एका बाइटाने सरकून वाचता येईनासा होतो. यूटीएफ-८ मध्ये हा धोका नाही, कारण तिथे देवनागरी अक्षराचा प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा असतो.

या वादात दोन भूमिका आहेत. पहिली म्हणते, फाइल म्हणजे फक्त बाइटांची रांग. ओळींचे आणि लिपीचे रूपांतर वेगळ्या थरात, उघडपणे सांगून व्हावे. २००८ च्या पायथन ३ ने बाइट आणि मजकूर हे वेगळे प्रकार करून हीच वाट घेतली. दुसरी म्हणते, जुने प्रोग्राम आणि जुन्या फाइली मोडू नयेत ही प्लॅटफॉर्मची जबाबदारी आहे, म्हणून विंडोजच्या सी लायब्ररीने जुने वर्तन राखणे रास्त आहे. दोन्ही बाजूंना वजन आहे. मात्र यूटीएफ-८ चा प्रसार झाला, विंडोजचे नोटपॅडही २०१८ पासून फक्त १० ने संपणाऱ्या ओळी नीट दाखवू लागले, आणि रूपांतराची गरज पूर्वीइतकी उरली नाही. धोका आता फाइलींच्या वाहतुकीत जास्त आढळतो: एफटीपीमध्ये आस्की प्रकार ठरीव आहे, आणि गिट विंडोजवर ओळींची टोके बदलू शकते. बायनरी फाइल बायनरी आहे हे तिथेही सांगून ठेवावे लागते.

बाइट कोणत्या मुक्कामी अडकला

शेवटचा तुकडा गायब होण्याच्या तक्रारी समजायला तीन मुक्काम वेगवेगळे पाहावे लागतात. एफफ्लश केले की बाइट प्रोग्राममधून कर्नलकडे जातो. एफसिंक केले की कर्नलकडून डिस्ककडे जातो. विंडोजवर हे दुसरे काम फ्लशफाइलबफर्स करते. पत्र पेटीत टाकले म्हणजे पोचले असे होत नाही. लेखनाचा कॉल यशस्वी झाला याचा अर्थही तेवढाच.

प्रोग्राम कोसळला तर फक्त पहिल्या मुक्कामावरचे बाइट जातात. कर्नलकडे पोचलेले सुरक्षित राहतात. वीज गेली तर पेज कॅशमधलेही जातात. लिनक्सवर बदललेले पान साधारण ३० सेकंद जुने झाले की ते लिहायला काढण्याची ठरीव व्यवस्था आहे, त्यामुळे तेवढ्या कालावधीतले काम धोक्यात असते. पहिल्या मुक्कामावरचे बाइट मात्र बफर भरला की पूर्ण तुकड्यानेच पुढे जातात. म्हणून तुटलेल्या फाइलची लांबी ४०९६ किंवा ८१९२ च्या नेमक्या पटीत निघाली, तर पहिला संशय बफर रिकामा न केल्याचा घ्यावा.

त्रुटी कळण्याची वेळही या थरांमुळे पुढे ढकलली जाते. डिस्क भरलेली असली तरी लहान लेखन बफरमध्ये बिनबोभाट मावते आणि तक्रार थेट फाइल बंद करताना येते. एनएफएससारख्या नेटवर्क फाइल सिस्टिमवर जागेची मर्यादा ओलांडल्याचेही अनेकदा बंद करतानाच कळते. तरीही बंद करण्याच्या कॉलचे उत्तर तपासले न जाणे सर्रास आढळते. सी++ मध्ये फाइलचा ऑब्जेक्ट आपोआप नष्ट होताना आलेली त्रुटी प्रोग्रामला कळत नाही, रस्टचा बफरायटरही नष्ट होताना ती गिळतो, आणि गोमध्ये बफर स्वतः रिकामा केला नाही तर शेवटचे बाइट तसेच राहतात. युनिक्सवर फोर्क करण्याआधी बफर रिकामा केला नाही, तर त्याची प्रत दोन्ही प्रक्रियांत जाते आणि तोच मजकूर फाइलमध्ये दोनदा उतरतो.

वाचनातले सापळे

वाचनाच्या बाजूला पहिला सापळा प्रकाराचा आहे. एकेक बाइट वाचणाऱ्या गेटसीने दिलेले मूल्य सी भाषेच्या 'चार' या प्रकारात ठेवले, तर २५५ हा बाइट आणि फाइल संपल्याची खूण यांतला फरक पुसला जातो. जेपीईजी चित्राचा पहिलाच बाइट २५५ असतो. 'चार' चिन्हांकित असलेल्या इंटेल यंत्रावर वाचन पहिल्याच बाइटाला संपते. आर्मवरच्या लिनक्समध्ये 'चार' बिनचिन्ह असल्यामुळे तोच लूप कधीच संपत नाही. एकाच चुकीची ही दोन विरुद्ध लक्षणे आहेत.

दुसरा सापळा वाचन-लेखन आळीपाळीने करण्याचा. एकाच फाइलवर लिहून लगेच वाचायचे असेल, तर मध्ये एफफ्लश किंवा स्थान बदलणारा कॉल हवा, असे प्रमाणक सांगते. तो नसला तरी काही लायब्ऱ्यांवर काम भागते, आणि म्हणून ही चूक दुसऱ्या सिस्टिमवर जाईपर्यंत लपून राहते.

तिसरा सापळा लांबीचा. ६४ बिटांच्या विंडोजवर 'लाँग' ३२ बिटांचाच आहे. त्यामुळे एफटेल २ जीबीच्या पुढचे स्थान सांगू शकत नाही, आणि तिथे ६४ बिटांची वेगळी फंक्शने वापरावी लागतात. लिनक्सवर एका रीड कॉलमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,७९,५५२ बाइट येतात, तर मॅकओएस साधारण तेवढ्याच मर्यादेपुढची मागणी सरळ नाकारते. मागितले तेवढे बाइट एका दमात मिळतीलच असे गृहीत न धरणे, हाच या साऱ्यावर उपाय आहे.

चौथा सापळा मांडणीचा. मेमरीतली रचना जशीच्या तशी फाइलमध्ये ओतली, तर बाइटांचा क्रम, मधली भरण आणि पूर्णांकांचे आकार यंत्रागणिक बदलतात. बाइटांच्या क्रमाच्या वादावर डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी लिहिलेल्या टिपणात सांगितले होते की कोणता क्रम निवडला यापेक्षा सर्वांनी एकच निवडणे महत्त्वाचे. हा मुद्दा आता बव्हंशी मिटला आहे: फाइलचा क्रम प्रोग्रामने नव्हे, फाइलच्या स्वरूपाने ठरवावा. एसक्यूलाइटने आपल्या फाइलमधल्या संख्यांसाठी मोठा बाइट आधी हा क्रम कायमचा ठरवला, आणि म्हणून तिची फाइल कोणत्याही यंत्रावरून कोणत्याही यंत्रावर नेता येते.

सर्वांत मोठा वाद : टिकून राहण्याची हमी

२००९ मध्ये ext४ फाइल सिस्टिम उबुंटूच्या नव्या आवृत्तीच्या चाचणीत आली, आणि यंत्र कोसळल्यावर सेटिंगच्या फाइली शून्य लांबीच्या झाल्याचे वापरणाऱ्यांना दिसले. ext४ जागेची वाटणी उशिरा करते. फाइल छाटून नव्याने लिहिली, तर छाटणी आधी डिस्कवर पोचे आणि मजकूर नंतर. आधीच्या ext३ मध्ये हे अंतर ठरीव मांडणीत बहुधा पाच सेकंदांचे होते, त्यामुळे चूक क्वचित उघडी पडे.

ext४ चे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांची भूमिका अशी होती की पॉसिक्सने एफसिंकशिवाय कोणतीही हमी दिलेली नाही, म्हणून ज्याला हमी हवी त्याने ती मागावी. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे म्हणणे वेगळे होते. तात्पुरती फाइल लिहून तिला जुन्याचे नाव दिले, तर जुने किंवा नवे यांपैकी एक पूर्ण मिळावे, एवढी अपेक्षा वाजवी आहे, असे ते म्हणत. शिवाय ext३ वर एफसिंकचा एक कॉल बाकी सगळ्यांची प्रलंबित माहितीही लिहायला लावे. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ अडखळत असल्याच्या तक्रारी यातूनच आल्या होत्या, त्यामुळे लोक एफसिंक टाळायला शिकले होते. शेवटी लिनक्स २.६.३० मध्ये ext४ ने नाव बदलण्याचे आणि छाटून लिहिण्याचे हे दोन प्रकार ओळखून जागा लगेच वाटायला सुरुवात केली. तत्त्व आपल्या जागी राहिले आणि व्यवहाराला सवलत मिळाली.

मॅकओएसवर प्रश्न आणखी एक पायरी पुढे जातो. तिथला एफसिंक बाइट डिस्ककडे सोपवतो, पण डिस्कने आपली कॅश रिकामी केलीच असे सांगत नाही. त्यासाठी एफ-फुलएफसिंक हा वेगळा आदेश आहे आणि तो हळू आहे. अॅपलच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे. वेगाला प्राधान्य देऊन कडक हमी मागणाऱ्यासाठी वेगळी ठेवावी, ही एक बाजू. एकाच नावाच्या कॉलचा अर्थ सगळीकडे एकच असावा, ही दुसरी. पॉसिक्सच्या विवेचनात काहीही न करणारा एफसिंकही चालेल अशी मुभा ठेवलेली असल्यामुळे दोन्ही बाजू प्रमाणकाच्या चौकटीतच बसतात.

२०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलच्या विकासकांसमोर आणखी कठीण गोष्ट आली. लिनक्सवर डिस्कवरचे लेखन फसले की एफसिंक त्रुटी सांगे, पण कर्नल ते पान 'लिहून झाले' असे समजे. पुन्हा एफसिंक केल्यावर यश मिळे आणि माहिती मात्र गेलेली असे. डेटाबेसवाल्यांचे म्हणणे होते की न लिहिलेले पान न लिहिलेले म्हणूनच राहावे. फ्रीबीएसडी तसेच करते. कर्नलवाल्यांचे उत्तर होते की उपटलेल्या यूएसबी डिस्कची पाने कायम धरून ठेवली, तर मेमरी भरून जाईल. लिनक्स ४.१३ पासून त्रुटी कळवण्याची पद्धत सुधारली होती, पण पान टाकून देण्याचे धोरण राहिले. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेएसक्यूएल एफसिंक फसताच थांबते आणि आपल्या नोंदवहीवरून माहिती पुन्हा उभी करते.

संशोधनाने हे चित्र अधिक गंभीर केले. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये ११ प्रचलित प्रणाली तपासल्या आणि कोसळण्याच्या वेळी उघड्या पडणाऱ्या ६० कमकुवत जागा शोधल्या. त्यातल्या अनेक एखाद्या विशिष्ट फाइल सिस्टिमच्या वर्तनावर नकळत विसंबल्यामुळे होत्या. त्याच विद्यापीठातून २०२० मध्ये आलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की एफसिंक फसल्यावर प्रोग्राम जे जे उपाय करतात, त्यांतला कोणताही पुरेसा नाही.

बफर टाळावा का

यावरून काहींनी विचारले, मधली कॅश हवीच कशाला? ओ-डायरेक्ट वापरून लिनक्सवर, किंवा बफर बंद करण्याचा ध्वज लावून विंडोजवर, पेज कॅश ओलांडता येते. कोणते पान जवळ ठेवायचे हे आपल्यालाच चांगले कळते, असे डेटाबेस लिहिणारे म्हणतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी या पद्धतीवर उघड टीका केली आहे. कॅश कर्नलकडेच असावी आणि प्रोग्रामने फक्त सूचना द्याव्यात, असा त्या बाजूचा आग्रह आहे. व्यवहारात अशा लेखनाला पत्ता आणि लांबी सेक्टरच्या पटीत लागते. ५१२ बाइटांच्या सेक्टरवर चाललेला कोड ४०९६ च्या सेक्टरवर नाकारला जातो, ही नवी तक्रार त्यातून जन्माला आली.

एममॅपने फाइल थेट मेमरीत आणणे हा तिसरा मार्ग. एलएमडीबी हा डेटाबेस त्यावर यशस्वीपणे उभा आहे. उलट, २०२२ मध्ये क्रॉटी, लाइस आणि पाव्लो यांनी डेटाबेससाठी हा मार्ग सहसा टाळावा, असे सविस्तर मांडले. दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने मुख्य अडचण ही की इथे वाचनाची त्रुटी परतीच्या मूल्यात येत नाही. युनिक्सवर ती सिगबस या सिग्नलच्या रूपाने आदळते.

दोष शोधण्याचा क्रम

भूमिका काहीही असली, तरी दोष शोधण्याच्या क्रमावर अनुभवी मंडळींत फारसे दुमत नाही. आधी मूळ आणि बिघडलेल्या फाइलची लांबी पाहावी. फरक मूळ फाइलमधल्या १० या बाइटांच्या संख्येइतका असेल, तर टेक्स्ट मोड. लांबी ४०९६ च्या पटीत तुटली असेल, तर रिकामा न केलेला बफर. शून्य असेल किंवा शेपटीला नुसती शून्ये असतील, तर कोसळण्याच्या वेळचा क्रम. लांबी सारखी पण आशय वेगळा असेल, तर बाइटांचा क्रम किंवा रचनेची भरण.

मग दोन्ही फाइलींचा पहिला वेगळा बाइट शोधावा. लिनक्स-मॅकवर सीएमपी आणि एक्सएक्सडी, विंडोजवर 'एफसी' बायनरी पर्यायासह हे काम करतात. त्यानंतर प्रोग्रामने कर्नलला प्रत्यक्षात काय सांगितले ते लिनक्सवर एसट्रेस, विंडोजवर प्रोसेस मॉनिटर आणि मॅकवर एफएस-यूसेज या साधनांनी पाहावे. कर्नलकडे चुकीचे बाइट गेले असतील, तर दोष प्रोग्रामचा किंवा लायब्ररीचा. बरोबर गेले असतील, तर शोध खालच्या थरांत न्यावा. या क्रमाने गेले की अंदाजाला फार थोडी जागा उरते.

काय ठरायचे आहे

काही प्रश्न खुले आहेत. फाइल पूर्णपणे आणि टिकाऊपणे बदलण्याची एकच वाट सगळ्या सिस्टिमवर नाही. युनिक्सवर तात्पुरती फाइल, एफसिंक, नाव बदलणे आणि मग डिरेक्टरीचा एफसिंक असा विधी आहे. विंडोजवर दुसऱ्या प्रोग्रामने फाइल उघडी धरली, तर नाव बदलणेच अडू शकते. सी आणि सी++ च्या प्रमाणकांत एफसिंकला जागा नाही. सी++ २६ ने फाइलचे मूळ हँडल मिळण्याची सोय केली, पण पुढचा कॉल ज्याचा त्याने करायचा आहे. एफसिंक फसल्यावर पानाचे काय व्हावे, यावर सिस्टिमांत एकमत नाही. आपोआप बंद होणाऱ्या फाइलची त्रुटी कोणाला सांगायची, हे भाषांना समाधानकारक सुटलेले नाही. लिनक्स ६.११ मध्ये २०२४ साली अविभाज्य लेखनाची सोय आली. ती आशादायक आहे, पण हार्डवेअर मान्य करील तेवढ्याच लांबीपुरती.

एवढे मात्र आता ठामपणे म्हणता येते. टेक्स्ट आणि बायनरीचा वाद तत्त्वतः निकाली निघाला आहे. उरला आहे तो जुन्या ठरीव वर्तनाचा भार. बाइटांच्या क्रमाचेही तेच. टिकून राहण्याच्या हमीचा वाद मात्र खरोखर अपूर्ण आहे, कारण तो वेग आणि सुरक्षितता यांच्या वाटणीचा आहे आणि ती वाटणी प्रत्येक थराने आपापल्या सोयीने केली आहे. ती प्रत्येक थराने स्पष्ट लिहून ठेवणे आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने लिहिलेल्या हमीपेक्षा जास्त काही गृहीत न धरणे, इतके आज आपल्या हाती आहे. रुग्णाचा स्कॅन, जमिनीची नोंद, हस्तलिखिताची प्रतिमा, सगळे शेवटी याच बाइटांत साठवले जाते. म्हणून फाइल बंद करताना मिळालेले उत्तर तपासणे हा काटेकोरपणाचा अतिरेक नाही. ती माहिती ज्यांची आहे, त्यांच्याबद्दलची ती जबाबदारी आहे.